बोक्याची शुगर आणि दोन गेजचं गाव

कुर्डुवाडीत वाढलेल्या पोराला 'गेज' हा शब्द फार लवकर कळतो. १८५९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ इथवर आले तेव्हा स्टेशनचं नाव होतं बार्शी रोड. त्या रुळांमधलं अंतर साडेपाच फूट. मग १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटांची लाईट रेल्वे टाकली. ती पुढे वाढत गेली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचली. एकाच स्टेशनात दोन गेज. मोठ्या गाडीतलं पोतं छोट्या गाडीत आपोआप जात नाही. हमालांनी ते पाठीवर घ्यायचं, उतरवायचं, पुन्हा चढवायचं. माझे आजोबा इथल्या नॅरो गेजच्या कारखान्यात होते. ते म्हणायचे, डबा बरोबर असतो, रूळही बरोबर असतो, पण दोघांचं माप एक नसलं की डबा उलटतो.

हे वाक्य मला इतक्या वर्षांनी एका मेडिकलच्या काउंटरवर आठवलं. समोर इन्सुलिनची बाटली होती, शेजारी लाल टोपणाच्या सिरिंजा होत्या, आणि पेशंट होता आमचा बोका, बंड्या.

मुंग्यांनी लावलेला शोध

बंड्या नऊ वर्षांचा, नसबंदी झालेला, चांगला जाडजूड. दोन महिन्यांत तो उतरला. खाणं वाढलं, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. पाण्याच्या वाटीवरून हलेना. मागचे पाय पंजांऐवजी टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. निदान मात्र आजीनं केलं. त्याच्या रेतीच्या घमेल्याला मुंग्यांची रांग लागली होती. ती बघून म्हणाली, "आरं, ह्या बोक्याला तुझ्या आज्ज्यावानी झालंय बघ."

आजीची ही तपासणी दीड-दोन हजार वर्षं जुनी आहे. प्रमेहाची पूर्वलक्षणं सांगताना चरकसंहिता रोग्याच्या लघवीकडे धावणाऱ्या मुंग्यांचा उल्लेख करते. 'मधुमेह' या शब्दातच मध आहे. या तपासणीची एक मर्यादा मात्र आहे. साखर लघवीत उतरते ती मूत्रपिंडं हात टेकतात तेव्हा. माणसात ही पातळी साधारण १८० मिलिग्रॅमच्या आसपास असते, मांजरात बरीच वर, २५० ते ३०० च्या दरम्यान. म्हणजे घमेल्यापाशी मुंग्या दिसल्या तेव्हा बंड्याची शुगर आधीच खूप वर गेलेली होती.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप टूसारखा असतो. वय, वजन, घरात बसून राहणं ही कारणं आपल्या ओळखीची. बोके, त्यातही नसबंदी झालेले, यात जास्त सापडतात. खाज किंवा दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनंही तो उफाळतो. उपचार म्हणजे मुख्यतः दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि पिष्टमय पदार्थ कमी, मांस-मासे जास्त असं खाणं. दूध-भातावर वाढलेल्या आमच्या बोक्याला हा आहारबदल इंजेक्शनापेक्षा जास्त टोचला.

ढोरांचा दवाखाना

पहिला प्रश्न होता, दाखवायचं कुठं. आमच्या माढा तालुक्यात जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाय, म्हैस, शेळी. यात कुणाचा दोष नाही, हा इतिहास आहे. आपल्याकडे सरकारी पशुवैद्यक उभं राहिलं ते लष्कराच्या घोड्यांसाठी आणि बुळकांडीला अडवण्यासाठी. बुळकांडी गोठेच्या गोठे रिकामे करायची. तिच्यासारख्या साथींवर संशोधन करायला १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. ती १८९३ ला मुक्तेश्वरला गेली आणि आज तिला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणतात. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं प्राण्यांचं हॉस्पिटल झालं आणि १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिरवळचं महाविद्यालय आलं ते शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये. २०११ ला बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसानं पूर्णपणे संपवलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. या सगळ्या मोठ्या कामात मांजर कुठंच नव्हतं. दूध देत नाही, नांगर ओढत नाही, गाडीला जुंपता येत नाही.

म्हणून बंड्याला पिंजऱ्यात घालून रेल्वेनं सोलापूरला नेलं. तिथं शुगर आली ३८०. पण डॉक्टरांनी लगेच इन्सुलिन लिहिलं नाही. घाबरलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीनं तीनशेच्या वर जाऊ शकते. गाडीचा भोंगा, अनोळखी टेबल, कुत्र्यांचं भुंकणं एवढं पुरेसं असतं. त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करायला लावली. तिच्यातून मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी कळते, एका प्रवासानं ती बदलत नाही. तीही जास्त आली. मग चिठ्ठीवर लिहिलं गेलं, ग्लार्जिन इन्सुलिन, १ युनिट सकाळी, १ युनिट संध्याकाळी.

एक युनिट म्हणजे किती?

आता इथं थोडं थांबून मागं जावं लागेल, कारण या 'एक युनिट'च्या मागे प्राण्यांची मोठी रांग उभी आहे.

१८८९ मध्ये, म्हणजे पुण्यात ती प्रयोगशाळा निघाली त्याच वर्षी, स्ट्रासबर्गला मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचं घर सापडलं. पण त्या घरातून औषध बाहेर काढायला आणखी बत्तीस वर्षं गेली. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फसलं, अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिपनं तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीच्या दुसऱ्या प्रयत्नात मुलाची शुगर उतरली. १९२३ मध्ये शोधाचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं गेलं.

मग प्रश्न आला मापाचा. हा अर्क किती जोरदार आहे हे सांगायचं कसं? तेव्हा रसायनशास्त्राला इन्सुलिनची रचनाच माहीत नव्हती, त्यामुळे ग्रॅममध्ये मोजून उपयोग नव्हता. म्हणून माप ठरलं सशावर. दिवसभर उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची रक्तशर्करा ४५ पर्यंत खाली आणेल तेवढं इन्सुलिन म्हणजे एक युनिट. पुढे हे माप बदललं, बारीक झालं, पण 'युनिट' हे नाव राहिलं. माझ्या हातातल्या सिरिंजवरच्या रेघांचा पूर्वज तो ससा आहे.

इन्सुलिन येत होतं कत्तलखान्यातून. गाई-बैल आणि डुकरांची स्वादुपिंडं गोळा करून त्यांचा अर्क काढायचा. साधारण दोन टन स्वादुपिंडांतून आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध इन्सुलिन मिळायचं. ते अंगात लवकर संपायचं, म्हणून १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हॅगेडॉर्ननं त्यात प्रोटामाइन मिसळलं. हे माशाच्या वीर्यातलं प्रथिन आहे. त्याच सुमारास टोरांटोत त्यात जस्त घातलं गेलं. १९४६ ला आलेलं, दुधासारखं गढूळ दिसणारं एनपीएच इन्सुलिन याच वंशातलं, आणि ते आजही आपल्या प्रत्येक मेडिकलच्या फ्रिजमध्ये असतं.

आजोबांना इन्सुलिन सुरू झालं ते याच जमान्यात. स्टीलच्या डबीत उकळलेली काचेची सिरिंज, आणि बाटलीत प्राण्याचं इन्सुलिन. गळ्यात तुळशीची माळ, पंढरपूर तासाभरावर. त्या औषधात काय आहे यावर घरात कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "इठ्ठलाला ठावं हाय की समदं." मला हे उत्तर पुरेसं वाटतं.

१९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगरनं गाईच्या इन्सुलिनची सगळी रचना उलगडली. ५१ अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. त्यासाठी त्याला १९५८ चं नोबेल मिळालं. मग तुलना करता आली. माणसाचं आणि डुकराचं इन्सुलिन एका जागी वेगळं, माणसाचं आणि गाईचं तीन जागी. कुत्र्याचं आणि डुकराचं तर हुबेहूब एक. आणि मांजराचं? माणसापासून चार जागी दूर, पण गाईपासून फक्त एका जागी. म्हणजे बंड्याच्या सगळ्यात जवळचं औषध होतं ते, जे आजोबांच्या पिढीला मिळत होतं.

पण ते आता नाही. १९७८ मध्ये जिवाणूंत मानवी इन्सुलिन तयार झालं, १९८२ मध्ये ते अमेरिकेत बाजारात यायला परवानगी मिळाली आणि कत्तलखान्यावरचं अवलंबित्व सुटत गेलं. २००३ मध्ये वोकहार्ट कंपनीनं आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, यीस्ट वापरून मानवी इन्सुलिन बनवलं. पाठोपाठ २००४ ला बंगळुरूच्या बायोकॉनचं आलं. चिठ्ठीवर लिहिलेलं ग्लार्जिन हा मानवी इन्सुलिनचाच थोडा बदललेला, हळूहळू विरघळणारा प्रकार. आजोबा गाईच्या औषधावर जगले आणि त्यांचा बोका माणसाच्या औषधावर जगणार होता.

लाल आणि केशरी

आता काउंटरवर परत येऊ. मेडिकलवाल्या दादांनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

"बंड्या. बोका आहे."

"बोका आडनाव हाय का?"

"नाही ओ. मांजर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मांजराला बी शुगर? काय दिवस आलेत." आणि ग्लार्जिनच्या बाटलीबरोबर लाल टोपणाच्या सिरिंजा ठेवल्या. रोजचं गिऱ्हाईक त्याच नेतं, म्हणून.

इथं दोन गेज आहेत. सुरुवातीला इन्सुलिन फार पातळ असायचं, मग दर मिलिलिटरला ४० आणि ८० युनिटांच्या बाटल्या आल्या. वेगवेगळ्या ताकदींमुळे चुका व्हायच्या. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेनं आणि १९८३ पासून ब्रिटननं १०० युनिटांची एकच ताकद ठरवली. आपण तसं केलं नाही. भारतात माणसांच्या साध्या इन्सुलिनची बाटली अजूनही ४० चीच असते. तिची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन मात्र १०० चं येतं. त्याची सिरिंज केशरी टोपणाची.

लाल सिरिंजवरची एक रेघ म्हणजे ०.०२५ मिलिलिटर. केशरीवरची एक रेघ म्हणजे ०.०१. आता १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजनं 'एक' ओढा. आत येतं अडीच युनिट. साठ-सत्तर किलोच्या माणसाला यानंही त्रास होईल, पण चार किलोच्या मांजराला अडीच पट डोस म्हणजे पाय लटपटणं, फिट येणं, आणि रात्री कुणाचं लक्ष नसेल तर मरण. बाटली बरोबर, सिरिंज बरोबर, पण दोघांचं माप एक नाही. मी दादांना बाटलीवरचा '१००' दाखवला. ते "हां हां, खरंय की" म्हणाले आणि आतून केशरी टोपणाचं पाकीट काढून दिलं.

यात एक गंमत आहे. अमेरिका-युरोपात ४० ची सिरिंज माणसांच्या दुकानांतून जवळजवळ गेली, पण जनावरांच्या दवाखान्यात उरली, कारण कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेली काही इन्सुलिनं अजून ४० चीच आहेत. तिकडच्या मांजरवाल्याला ती मुद्दाम शोधावी लागते. आपल्याकडे ती पानपट्टीशेजारच्या मेडिकलमध्येही मिळते. त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून डोस मोजू नका. आधी आपल्या बाटलीवरचा आकडा बघा, मग टोपणाचा रंग.

कानाच्या कडेला एक थेंब

मोजल्याशिवाय इन्सुलिन देणं म्हणजे सिग्नल न बघता गाडी सोडणं. आजोबांचं मोजमाप बेनेडिक्टच्या द्रावणावर चालायचं. हे द्रावण १९०८ च्या सुमारासचं. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकायचे, परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची आणि रंग बघायचा. निळा राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढत गेला तर तेवढी साखर जास्त. पण लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. रक्त आत्ताची सांगतं.

रक्त मोजणारी पट्टी १९६० च्या दशकात आली. १९७० मध्ये तिचा रंग वाचणारं एम्स कंपनीचं यंत्र आलं. वजन किलोभराहून जास्त, किंमत जवळपास पाचशे डॉलर, आणि विकायचं फक्त डॉक्टरांना आणि इस्पितळांना. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही इंजिनियरला ते हवं होतं. त्याची बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावावर घेतलं. तो घरी दिवसातून अनेकदा शुगर मोजू लागला आणि त्याप्रमाणे डोस बसवू लागला. पेशंटनं स्वतः मोजायचं नसतं असं मानणाऱ्या वैद्यकाला त्याचं म्हणणं पटेना, तेव्हा पंचेचाळीसाव्या वर्षी तो मेडिकल कॉलेजात गेला आणि डॉक्टर झाला. आज आपल्या घराघरात असलेल्या ग्लुकोमीटरमागे असा हट्ट आहे.

मांजराच्या बाबतीत घरच्या मोजणीचं महत्त्व दुप्पट, कारण दवाखान्यातला आकडा भीतीनं फुगलेला असतो. रक्त घ्यायचं कानाच्या कडेला धावणाऱ्या बारीक शिरेजवळून. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं कानाला थोडा वेळ लावायचं, मागे कापसाचा बोळा धरायचा, लॅन्सेटनं टोचायचं आणि आलेला थेंब पट्टीला लावायचा. लगेच तुकडाभर उकडलेलं चिकन द्यायचं. आठवड्याभरात बंड्या ग्लुकोमीटरची पिशवी वाजली की स्वतः येऊन बसायला लागला. कानाचं त्याला काही नव्हतं, चिकनचं होतं.

माणसांचं यंत्र मांजराचा आकडा सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. आपल्या रक्तातलं बरंचसं ग्लुकोज लाल पेशींत असतं, मांजराचं बहुतेक बाहेरच्या द्रवात, आणि यंत्र आपला हिशोब धरून बसलेलं असतं. प्राण्यांसाठी वेगळी यंत्रं असतात, पण त्यांच्या पट्ट्या आमच्याकडे मिळवणं अवघड. डॉक्टरांनी तोडगा दिला: एकच यंत्र वापरा, एका आकड्यावर जाऊ नका, चढ-उतार बघा. म्हणून रविवारी सकाळच्या डोसपासून दर दोन तासांनी, बारा तास मोजायचं आणि वहीत आलेख काढायचा. सगळ्यात खालचा बिंदू कधी आणि किती, हे बघायचं. डोस वाढवायचा की नाही ते त्या बिंदूवरून डॉक्टर ठरवतात, सकाळच्या मोठ्या आकड्यावरून नाही. खाल्लं नसेल किंवा आकडा खाली असेल तर इंजेक्शन देण्याआधी फोन. मांजर लटपटलं तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. मधाची बाटली आमच्या फ्रिजवर कायम असते.

फ्रिजचीही एक गोष्ट आहे. बंद बाटली २ ते ८ अंशांत राहायला हवी. मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो आणि वीजही जाते. अशा वेळी आजी आजोबांसाठी जे करायची तेच आम्ही करतो. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं, मडक्यात डबी, वर ओलं फडकं. मडक्यात फ्रिजइतकं गार होत नाही, पण बाहेरच्या झळांपासून औषध वाचतं. बर्फावर मात्र कधी ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

मांजरानं फेडलेलं

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, माणसांना इन्सुलिन मिळायची मारामार आणि तुम्ही बोक्याला टोचताय. प्रश्न बरोबर आहे आणि मला तो आमच्या गल्लीत विचारला गेलाय. एका बाटलीत हजार युनिट असतात, बंड्याला दिवसाला दोन लागतात. बाटली संपायच्या आधी तिची मुदत संपते. कुणाच्या तोंडचं काढून घेतलं असं यात नाही. पण हिशोब फक्त युनिटांचा नाही.

१९८७ मध्ये स्वीडनचा पेर वेस्टरमार्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक शोध प्रसिद्ध केला. टाइप टू मधुमेह झालेल्या माणसांच्या स्वादुपिंडात एक चिकट साका साचतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं. तो कशाचा, हे कळत नव्हतं. उंदरात तो होत नाही, कुत्र्यातही नाही. मधुमेही मांजरात मात्र अगदी माणसासारखा होतो. वेस्टरमार्कच्या गटानं माणसाच्या गाठीतला आणि मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडातला साका एकमेकांशेजारी ठेवून तपासला आणि त्यातलं प्रथिन ओळखलं. आज त्याला अमायलिन म्हणतात. इन्सुलिनबरोबरच शरीर हेही बनवतं, आणि २००५ मध्ये त्याच्यासारखं घडवलेलं औषध माणसांसाठी बाजारात आलं.

कुत्र्यानं रोगाचं घर दाखवलं, सशानं माप दिलं, गाई-डुकरांनी साठ वर्षं औषध पुरवलं, माशानं ते टिकवलं, मांजरानं रोगाचा एक गुंता सोडवायला मदत केली. दोन युनिट हा त्यावरचा फार छोटा परतावा आहे.

लवकर आणि नीट सांभाळलं तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. त्यांचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं. बंड्याचं सुटेल की नाही, सांगता येत नाही. तिसऱ्या महिन्यात त्याचं वजन परत आलं आणि मागचे पाय हळूहळू टाचेवरून उठून पंजांवर आले. कुर्डुवाडीहून पंढरपूर आणि लातूरकडे जाणारे अडीच फुटांचे रूळ या शतकाच्या पहिल्या दशकात निघाले. आता पोतं उतरवून पुन्हा चढवावं लागत नाही. आपल्या इन्सुलिनचं गेज अजून बदलायचं आहे. तोपर्यंत बाटली हातात घेतली की आकडा मोठ्यानं वाचायचा आणि टोपणाचा रंग बघायचा, पेशंट माणूस असो की बोका.